कवटीतली चोरी

१

“माणसाच्या कवटीतून एखादी वस्तू चोरीला जाऊ शकते का?”

हा प्रश्न मी विचारला. अख्ख्या शाळेसमोर, माइक हातात घेऊन! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज घशातच बसायचा. पण माझ्या मैत्रिणींनी, मिर्ना आणि सोहैलाने, पैज लावली होती. “विचारून दाखव, शाहंदा. नाही विचारलंस तर परीक्षेपर्यंत तुला सगळ्यांसमोर ‘माऊ’ म्हणून हाक मारू.” मग काय, उठले.

व्यासपीठावर डॉ. रिफअत होते. आमच्या मिन्या शहरात जबड्याची शस्त्रक्रिया म्हटलं की त्यांचंच नाव. ते नुकतेच रंगात येऊन सांगत होते, “वरच्या जबड्यात नवा दात रोवायचा तर आधी नकाशा हवा. दाढांच्या वर, गालामागच्या हाडात, हवेची पोकळी असते, सायनस. तिची जमीन कुठे अंड्याच्या टरफलाइतकी पातळ असते, कुठे आत आडवी भिंत असते, कुठे बाजूने रक्तवाहिनी गेलेली असते. स्कॅन न बघता भोक पाडणारा डॉक्टर नव्हे, गवंडी!” पोरी हसल्या. आणि तेवढ्यात माझा प्रश्न.

हसू बंद. मागच्या रांगेतल्या बाईंनी डोक्याला हात लावला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“सनियाची मुलगी ना तू?” ते म्हणाले. “मग हा प्रश्न घरी विचार. उत्तर तुझ्या घरातच आहे.”

पैज मी जिंकले.

२

आता प्रकरण सांगते. नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणारच नाही. का, ते शेवटी कळेल.

नाईलच्या पैलतीरावर एका गावात हाजी शहात राहतात. सत्तरीचे, पांढरी दाढी, कानांवरून घट्ट गुंडाळलेलं मुंडासं. शहात म्हणजे भिकारी. नाव असलं, पण लसणाची शेतं नजर पोचेल तिथपर्यंत. दोन घराण्यांत बंदुका निघाल्या की लोक हाजींना मध्ये बसवतात, आणि त्यांच्या शब्दावर बंदुका परत आत जातात.

गेल्या वर्षी माझ्या आईने, म्हणजे डॉ. सनियाने, त्यांची वरची डावी दाढ काढली. हट्टी दाढ होती, तुकड्यातुकड्यांनी निघाली. घरी आल्यावर आई म्हणाली, “हाजी इतके थकले की शेवटी त्यांचं मुंडासंही मीच बांधून दिलं.” बाबा चिडवायला लागले, “दात काढतेस की नवरदेव सजवतेस?” आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

यंदा हाजींचा थोरला मुलगा दियाब त्यांना नवे दात बसवायला डॉ. रिफअतांकडे घेऊन गेला. आधी साधा एक्स-रे काढला. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि सगळे दात एका पट्टीत दिसतात, तो. त्यात डाव्या सायनसमध्ये पांढरा डाग! डॉक्टरांनी निकाल दिला, “दाढेचं मूळ आत ढकललं गेलंय आणि सनियाने लपवलंय.” फोटो दातांच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी दियाब आमच्या दवाखान्यात येऊन गरजला, “माझ्या बापाच्या डोक्यात हाड सोडून दिलंत, बाई!” बसलेले पेशंट एकेक करून उठले. तक्रार दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेकडे गेली.

मग शस्त्रक्रियेआधी नकाशासाठी थ्रीडी स्कॅन झाला. आणि सायनस लख्ख रिकामा! डाग गायब.

आई सुटली म्हणून मी स्वयंपाकघरात नाचले. चूक केली. डॉ. रिफअत म्हणाले, “हाड काही विरघळत नाही. स्कॅनच बदललाय.” कारण तो स्कॅन काढला होता नग्ला मावशीने, आणि नग्ला मावशी आईची कॉलेजपासूनची मैत्रीण. आधी आईवर निष्काळजीपणाचा आरोप होता, आता लबाडीचा झाला. मावशीला एक्स-रे केंद्रातून घरी बसवलं, तिच्या कॉम्प्युटरला नवं कुलूप घातलं. रविवारी संघटनेची चौकशी समिती बसणार होती. आईचा परवाना जायची वेळ आली होती. परवाना गेला की दवाखाना गेला. आणि दवाखान्याशिवाय माझी आई मी कधी पाहिलेलीच नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. तो पहिला फोटो आईने पाहिला तेव्हा मी शेजारी होते. तिने तो मोठा केला, बराच वेळ बघितला, फोन पालथा ठेवला आणि धुतलेलीच हत्यारं पुन्हा धुवायला घेतली.

“दाढ पूर्ण निघाली होती,” ती म्हणाली. “याहून जास्त मी काही बोलणार नाही.”

“का नाही बोलणार?” बाबा ओरडले. “समितीसमोरही अशीच बसणार आहेस का?”

तिने नळ आणखी मोठा सोडला.

माझी आई काहीतरी लपवत होती.

३

सोहैलाचे वडीलही दातांचे डॉक्टर, त्यामुळे दोन्ही चित्रं आम्हाला मिळाली. शाळेच्या जिन्याखाली आम्ही तिघी फोनवर वाकलो.

“सोप्पं आहे,” मिर्ना म्हणाली. “दुसरा फोटो दुसऱ्याच माणसाचा. म्हणजे तुझी मावशी चोर. सॉरी हं.”

“थांब ना जरा!” मी पुढचे दात मोठे केले. पहिल्या फोटोत वरच्या दोन दातांमध्ये एक खाच होती, बारीक, उंदराने कुरतडल्यासारखी. जन्मभर भोपळ्याच्या बिया दाताने फोडणाऱ्या म्हाताऱ्यांना असते तशी. माझ्या आजोबांनाही होती. मग दुसरं चित्र. तिथेही तीच खाच, तशीच एका बाजूला कललेली.

“डोकं एकच आहे,” मी म्हणाले. “स्कॅन कुणी बदललेला नाही.”

“मग चोरी खरंच कवटीतून झाली?” मिर्नाने स्वतःचे गाल धरले.

सोहैला कमी बोलते, पण बघते नीट. ती म्हणाली, “दाढेचं मूळ दाढेपेक्षा मोठं कसं गं?”

खरंच की! डाग शेजारच्या अख्ख्या दाढेपेक्षा मोठा होता. आणि दातांच्या कडा कशा रेखीव, पण हा डाग पाण्यात भिजलेल्या शाईसारखा फेंदारलेला. सगळं एकाच कवटीतलं, मग हा एकटाच का पुसट?

मग मला आणखी एक गोष्ट दिसली, किंवा खरं तर दिसली नाही. फोटोत हनुवटी नव्हती. जबड्याची दोन्ही टोकंही नव्हती. कुणीतरी चारही बाजूंनी फोटो कापला होता.

४

पहिला फोटो मशीन चालवणाऱ्या रजबने काढला होता. तो एक्स-रे केंद्राबाहेर भजी भरलेली पोळी खात उभा होता.

“मी कापला,” तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. “डॉ. रिफअत म्हणाले, वरचा जबडा तेवढा फोनवर पाठव, लवकर. पाठवला. अख्खा फोटो आत मशीनवर पडलाय, कोणी मागितलाच नाही. त्यात माझं काय चुकलं, बाई?”

“हाजींचं मुंडासं काढायला लावलंत?”

“वेडी आहेस का? दक्षिणेकडचा मानी सैदी म्हातारा तो, वर हाजी शहात! त्याला मुंडासं उतरव म्हणू? आणि कापड काय फोटोत येतं?”

नग्ला मावशी घरी होती. डोळे सुजलेले, समोर सोललेल्या लसणाचा ढीग. एवढा लसूण तिच्या घरात कोण खाणार होतं कोण जाणे.

“मी काढायला लावलं मुंडासं,” ती म्हणाली. “नियम म्हणजे नियम. डोक्यावरचं, कानातलं, गळ्यातलं, सगळं उतरवायचं. तुझ्या नाही का स्कार्फच्या आतल्या पिनासुद्धा काढून घेतल्या होत्या?”

घेतल्या होत्या. माझा वरचा एक सुळा हाडात आडवा अडकून बसलाय. सुट्टीत त्याची छोटी शस्त्रक्रिया आहे, तीही डॉ. रिफअतांकडेच! हे सगळं होण्याआधी ठरलं होतं. नवा फोटो या शनिवारी होता. ‘रद्द करतो’ असं बाबा रोज म्हणत होते.

“मग हाजींनी काढलं का, मावशी?”

“आधी मला पाठ फिरवायला लावली. मी फिरवली. बेसिनपाशी बराच वेळ काहीतरी खुडबुड चालली होती. वळले तेव्हा डोकं उघडं आणि उजव्या हाताची मूठ बंद. स्कॅन संपेपर्यंत ती मूठ उघडली नाही.” तिने सुरी खाली ठेवली. “आणि शाहंदा, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं गं. एवढा मोठा माणूस.”

मुठीत काय होतं?

५

उत्तर मला बाबांच्या कंदिलाने दिलं.

रमजान जवळ आला होता. बाबांनी माळ्यावरचा पत्र्याचा कंदील काढला, बल्ब लागतो का ते बघायला खालच्या स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. आमच्या कंदिलाला उजवीकडे एक छोटीशी चंद्रकोर आहे, माझ्या नखाएवढी. बाबांनी कंदील फिरवला, आणि त्या नखाएवढ्या कोरीची सावली समोरच्या भिंतीवर डावीकडे, वर, छताजवळ, थाळीएवढी होऊन पसरली. पुसट, फेंदारलेली.

मी किंचाळले. बाबांच्या हातून कंदील पडता पडता राहिला.

“शॉक बसला का?”

“हो! म्हणजे नाही! बाबा, फिरवा ना परत!”

वस्तू उजवीकडे, लहान, रेखीव. सावली डावीकडे, वर, मोठी, पुसट. आणि एक्स-रेचं यंत्रही डोक्याभोवती फिरतंच की! मी नग्ला मावशीला फोन लावला.

“मावशी, उजव्या कानाशी काही धातू राहून गेला तर?”

“डाव्या गालात, वरच्या अंगाला, भूत दिसतं. आम्ही त्याला भूतच म्हणतो. थ्रीडीत तशी फसगत होत नाही, पण साध्या फोटोत हमखास. म्हणून तर मी बायकांना आधी कानातलं…” ती एकदम थांबली. “अगं, पण तो तर पुरुष आहे.”

मी फोन ठेवला. बाबा कंदील पुसत होते.

“बाबा, श्रीमंत माणूस मुलाचं नाव शहात का ठेवेल?”

“आधीची मुलं जगली नसतील तर ठेवतात. भिकाऱ्याला कोण नजर लावणार? माझ्या आजोळी तर अशा मुलाचा एक कानही टोचायचे. मृत्यूला वाटावं मुलगी आहे, आणि त्याने पुढे जावं.” बाबांनी वर बघितलं. “का गं?”

“सहजच,” मी म्हणाले. खरं सांगितलं असतं तर बाबा तसेच उठून दियाबकडे गेले असते.

६

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नावेने पलीकडे गेले. मिर्ना सोबत होती. तिला मी धक्क्यावर बसवलं आणि बिया घेऊन दिल्या.

हाजी अंगणात लसणाच्या जुड्या उलटसुलट करत होते. दियाब वाटेतच आडवा आला.

“कुणाची गं तू?”

“डॉ. सनियाची.”

“मग आलीस तशी जा. समितीत बघू.”

“दियाब,” हाजी मागून म्हणाले, “पाहुणी हाय ती. च्या सांग.” दियाब पाय आपटत आत गेला.

मी लसणाच्या ढिगाशेजारी बसले. रस्ताभर मी प्रश्न घोकत होते. ‘तुम्ही कानात बाळी घालता का?’ असं सत्तरीच्या माणसाला, ज्याच्या शब्दावर बंदुका आत जातात त्याला, विचारायचं? पैज असती तर विचारलंही असतं. पण इथे पैज नव्हती.

“हाजीकाका,” मी हळूच म्हणाले, “तुमच्या आधी किती भाऊ गेले?”

त्यांचा हात जुडीवरच थांबला. त्यांनी घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग उजव्या बाजूचं मुंडासं बोटभर वर सरकवलं. कानाच्या पाळीत चांदीची बारीक बाळी होती, इतकी जुनी की पाळीत रुतून बसली होती.

“तिघं,” ते म्हणाले. “मी चौथा. आईनं सांगितलं, कबरीपातुर काढू नको. सत्तर वर्सं न्हाई काढली. त्या बाईंनी मशीन लावायलाच नकार दिला, तवा एकदाच काढली. साबण लावून.” त्यांनी पुन्हा घराकडे बघितलं. “आन् तवापासून नातू तापानं पडलाय. मी रोज त्याच्या उशाशी बसतो, पोरी. वाटतं, माझ्या हातानं दार उघडलं.”

मला शाळेतलं सगळं विज्ञान येत होतं, त्यातलं सगळ्यात साधं तेवढं काढलं.

“ताप सगळ्यांनाच येतोय,” मी म्हणाले. “माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली घरी आहेत.”

“आसंल.”

“त्या बाळीचीच सावली फोटोत दिसली. माझी आई…”

“ठावं हाय मला. कालच उमजलं, बाळी हुती तवा डाग, काढली तवा न्हाई. दियाब फोटो दावत हुता, म्या मनात म्हनलं, ह्यो डाग माझ्या आईचा दिसतोय.” ते हसले, पण ते हसू नव्हतं. “तुझ्या आईचं वंगाळ झालं, ते बी ठावं हाय. पन मी ह्ये बोललो, तर उद्या दोन घरांच्या मधी बसल्यावर लोक माझ्या तोंडाकडं न्हाई, कानाकडं बघत्याल. कोन ऐकंल मग? पुन्यांदा बंदुका निघत्याल. बोलू नगंस, पोरी. माझ्याकडून हुईना.”

मी रागाने उठले होते. पण कान झाकला गेला होता तरी ते मुंडासं पुन्हा पुन्हा खाली ओढत होते, ते बघून मी ‘नाही बोलणार’ म्हणून गेले. शपथ घेतली. आईला वाचवणारी एकच गोष्ट मला सापडली, आणि तीच मी गिळून टाकली.

नावेत मिर्ना विचारत राहिली, “काय झालं? सांग ना!” मी तिच्याच पुड्यातल्या बिया फोडत बसले. मग अर्ध्या नदीत मला आईचं ते वाक्य आठवलं. ‘मुंडासंही मीच बांधून दिलं.’

म्हणजे आईने कान पाहिला होता!

७

जेवणाची ताटं तशीच होती. बाबा म्हणत होते, “रविवारी तू बोलली नाहीस तर मी बोलेन.”

“काय बोलणार?” आई म्हणाली. “तुम्हाला काय माहीत आहे?”

“आई,” मी म्हणाले, “मला सगळं कळलंय. पण मी सांगू शकत नाही.”

आईने पहिल्यांदा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडे सरळ बघितलं. “आज पलीकडे गेली होतीस?”

“हो.”

“त्यांनी शपथ घातली?”

“हो. तुलाही?”

आईने होकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरले आणि हसूही आलं, एकाच वेळी.

“फोटो बघितल्याबरोबर तुला कळलं होतं,” मी म्हणाले. “मग निदान डॉ. रिफअतांना तरी एकट्यात सांगायचंस ना!”

“जो माणूस पेशंटचा जबडा ग्रुपवर टाकतो, त्याला मी आणखी काय सांगू?”

“एक मिनिट,” बाबा म्हणाले. “या घरात आता मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत आहे का?”

“हो, बाबा.”

“वा! छान!” त्यांनी पोळीचा तुकडा ताटात टाकला. “आणि परवाना? तो पण छान?”

आईने ताटं आवरायला घेतली. कंदील स्टुलावर होता, विझलेला. मी त्या छोट्या कोरीकडे बघत होते. शपथ होती ती हाजींच्या कानाची. माझ्या कानाची कुणी घातली नव्हती.

स्कार्फ कापडाचा. कापड फोटोत येत नाही. रजब काही विचारत नाही. माझा सुळा जबड्यात पुढे आहे, भूत पडतं मागे, म्हणजे माझा नकाशा बिघडणार नाही आणि जादा फोटोही लागणार नाही. तो फोटो डॉ. रिफअतांच्याच टेबलावर जाणार. त्यांना माझ्या डाव्या सायनसमध्ये ‘दाढेचं मूळ’ दिसेल, आणि त्याच्या खाली माझी दाढ जागच्या जागी, धडधाकट. मग ते हाजींचा अख्खा, न कापलेला फोटो स्वतः मागवतील. उजव्या कडेला काय आहे ते बघतील. आणि ते कुणालाही सांगणार नाहीत. कारण कानाबद्दल सांगायचं तर आधी ‘मी अख्खा फोटो बघितलाच नाही’ हे सांगावं लागेल. ‘यंत्राचा दोष’ एवढं म्हणून तक्रार गुपचूप मागे घेतील. आणि समजा नाहीच घेतली, तर समितीसमोर माझा स्वतःचा फोटो मी स्वतः दाखवू शकते. तो माझा जबडा आहे.

मी उभी राहिले. माइक नव्हता, तरी उभी राहिले.

“बाबा, माझी शनिवारची वेळ रद्द करू नका. मी फोटोला जाणार आहे, मशीनवर रजब असला तरी. अख्खा फोटो डॉक्टरांकडे पाठवायला मी स्वतः उभी राहून सांगणार आहे.” मग मी आईकडे वळले. “आणि आई, स्कार्फच्या आतला उजव्या कानातला डूल मी काढणार नाही.”